शब्दचर्चा : ‘खडबडीत सहगुणक’ आणि सीमेवरची अट

खानापूरकर : एमएस्सीच्या मुलांसाठी मराठी टिपण करायचं आहे. विषय असा : विवृत्तीय समीकरण (स्थिर भूजलाच्या पातळीचं असतं तसं), त्याचे सहगुणक (जागोजागची वाहकता) ‘रफ’, आणि कडेवर माहिती दिली तर आत उकल मिळते का. तीन शब्द ठरवायचे आहेत : ‘रफ’, ‘बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेम’ आणि ‘सॉल्व्हेबल’. ‘सीमाप्रश्न’ सुटसुटीत खरा, पण बेळगावात तो १९५६ पासून दुसऱ्याच अर्थानं रुजलाय. शीर्षकात घातला तर गणित शोधणारा तिकडे फिरकणार नाही.

शहापूरकर : सीमाप्रश्न नकोच. ‘सीमामूल्य समस्या’ रूढ आहे, पण त्यातलं ‘मूल्य’ अपुरं पडतं. विहिरीभोवतीचं भूजल घ्या. शिवाराच्या एका कडेला बारमाही ओढा आहे, तिथं पाण्याची पातळीच ठरलेली. ही डिरिक्ले अट. दुसऱ्या कडेला अखंड काळा पाषाण, तिथून पाणी ना आत ना बाहेर; ही नॉयमन अट. हिच्यात दिलेला असतो तो प्रवाह, पातळी नव्हे. त्याला मूल्य कसं म्हणायचं? शिवाय सगळ्या कडांवर प्रवाहच दिला आणि आत झरा किंवा उपसा नसेल, तर त्या प्रवाहाची बेरीज शून्य हवी, नाहीतर उकलच नाही. बेरीज जमली तरी सगळी पातळी एका स्थिरांकानं वरखाली करता येते, म्हणजे उकल एकमेव नाही. म्हणून माझं मत ‘सीमा-अट समस्या’. ‘शीव’ गोड शब्द आहे, पण ती गावाची. ‘कड’ बोलताना चालेल की.

निपाणीकर : ‘रफ’ला ‘खडबडीत’ नको वाटतं. खडबडीत म्हटलं की हाताला लागणारा पृष्ठभाग डोळ्यांसमोर येतो. सहगुणक हे फलन आहे, त्याला ‘अनियमित’ म्हणा.

चिकोडीकर : निपाणीकर, ‘अनियमित’ हजेरी असते, बस असते. आणि गणितात ‘नियमितता’ हा शब्द उकलीसाठी राखून ठेवावा लागतो, कारण सगळा प्रश्नच हा की सहगुणक वाईट असताना उकल कितपत नियमित राहते. दोन्हीकडे एकच शब्द आला तर वाक्य कळणार नाही.

तुम्ही म्हणता तो पृष्ठभाग मात्र इथं खरोखरच आहे. करवतीच्या दात्यांसारखी कड घ्या, चढ १, उतार १. तिच्या वरच्या भागात साधं लाप्लास समीकरण, म्हणजे वाहकता सगळीकडे १. आता कड सपाट करायची, म्हणजे प्रत्येक बिंदूची उंची त्याच्या खालच्या कडेपासून मोजायची. कड सरळ झाली, पण समीकरण बदललं. चढावर सहगुणकांचं मॅट्रिक्स होतं : पहिली ओळ १, −१, दुसरी −१, २. उतारावर −१ च्या जागी +१. दात्याच्या प्रत्येक टोकाला आणि खाचेला सहगुणक उडी मारतात, आणि ती उडी त्या उभ्या रेषेवर कितीही वर गेलं तरी तशीच राहते. आयगेनमूल्यं दोन्हीकडे तीच, सुमारे ०.३८ आणि २.६२. म्हणजे कडेचा खडबडीतपणा नाहीसा झाला नाही, तो सहगुणकांत शिरला. दोन्हीला एकच शब्द असणं म्हणूनच योग्य आहे.

खानापूरकर : पटलं. मग व्याख्या अशी लिहितो : खडबडीत सहगुणक म्हणजे मोजता येण्याजोगे (‘मेझरेबल’, म्हणजे संकलन करता येईल इतपत बरे) आणि दोन धन मर्यादांत बांधलेले, सातत्याची हमी नाही. विवृत्तीयपणा येतो तो त्या दोन मर्यादांमुळे. प्रत्येक बिंदूवर मॅट्रिक्सचं एक लंबवर्तुळ असतं, ते चेपून रेघ होत नाही आणि फुगून हाताबाहेरही जात नाही. कन्नड माध्यमातून आलेल्यांसाठी ‘दीर्घवृत्त’ कंसात देईन, त्यांना तो शाळेपासून ओळखीचा.

निपाणीकर : पण अशा सहगुणकांचं अवकलनच करता येत नाही, मग समीकरणाला अर्थ काय?

चिकोडीकर : चाचणी-फलनानं (कडेवर शून्य असलेल्या गुळगुळीत फलनानं) गुणून संकलन करायचं, एक अवकलन तिकडे ढकलायचं. लॅक्स-मिलग्राम प्रमेय (१९५४) उकल देतं. तिला ‘दुर्बल उकल’ म्हणतात. ‘सैल’ नको, तिच्यात ढिलाई काही नसते. द जॉर्जी (१९५७) आणि नॅश (१९५८) यांनी दाखवलं की ती आत सततच असते, होल्डर अर्थानं, म्हणजे दोन किमतींतला फरक अंतराच्या एखाद्या धन घाताच्या पटीत राहतो. यापेक्षा जास्त मात्र मागू नये. एकक वर्तुळात त्रिज्येच्या दिशेचा सहगुणक ४ आणि आडव्या दिशेचा १ ठेवा. कडेवर कोनाचं कोसाइन द्या, याहून गुळगुळीत माहिती कोणती? उकल येते : त्रिज्येचं वर्गमूळ गुणिले कोसाइन. मध्यबिंदूशी ती सतत आहे, पण तिचा उतार तिथं अनंताकडे जातो. सहगुणक तुटलेत फक्त त्या एका बिंदूवर.

शहापूरकर : तसंच थरांचं. मुरमाची वाहकता १ आणि खालच्या थराची ४, जाडी सारखी. पाणी थर ओलांडून जात असेल तर सरासरी हरात्मक, १.६, थरांच्या कडेनं वाहत असेल तर साधी, २.५. पाणी थर ओलांडत असताना साधी सरासरी घातली तर प्रवाह दीडपटीहून जास्त येतो. जिथं थर बदलतो तिथं पातळीचा उतार तुटतो, प्रवाह तुटत नाही. जाळी आखताना थराची रेघ चौकटीच्या मधून गेली की ही चूक होतेच.

खानापूरकर : राहिला ‘सॉल्व्हेबल’. उकलक्षम?

चिकोडीकर : उकलक्षम, पण एकटा नाही. कडेची माहिती सतत असेल तर भांडण नाही : लिटमन, स्टाम्पाकिया आणि वाइनबर्गर (१९६३) यांच्यानुसार कडेचा जो बिंदू लाप्लाससाठी चांगला (तिथं उकल दिलेल्या किमतीला पोचते) तो इथंही चांगला. कस लागतो तो माहिती फक्त एल-पी वर्गातली (तिच्या निरपेक्ष किमतीच्या पी-व्या घाताचं संकलन सांत, एवढंच) असते तेव्हा. कडेच्या प्रत्येक बिंदूपाशी आत उघडणारा शंकू धरा आणि त्या शंकूतली उकलीची सर्वांत मोठी किंमत घ्या. या नव्या फलनाचा एल-पी आकार मूळ माहितीच्या ठराविक पटीत राहिला, तरच ‘पी-उकलक्षम’. शंकू लागतो, कारण कडेला घासत गेलं तर मर्यादा हुकते. पी = २ ला जमलं तर त्यावरच्या प्रत्येक पी ला जमतं, आणि २ च्या किंचित खालीही. लिपशित्झ कडेवर (करवतीच्या दात्यांसारखी, चढउतार मर्यादेत) लाप्लाससाठी पी = २ जमतं हे डालबर्ग यांनी १९७७ मध्ये दाखवलं. खडबडीत सहगुणकांसाठी मात्र काफारेल्ली, फेब्ज आणि केनिग (१९८१) यांचं उदाहरण आहे : विवृत्तीय माप (कडेच्या कुठल्या भागाचा आतल्या उकलीवर किती भार, ते) कडेच्या लांबीशी पूर्ण फटकून, म्हणून एकही पी चालत नाही. म्हणजे ‘उकल आहे’ आणि ‘उकलक्षम आहे’ या दोन गोष्टी टिपणात वेगळ्या ठेवा.

निपाणीकर : मग करवतीच्या दात्यांचं कसं जमलं?

चिकोडीकर : तिथं उडी उभ्या दिशेनं बदलत नाही म्हणून. सहगुणक सममित आणि उंचीपासून स्वतंत्र असतील तर पी = २ मिळतो. उंचीपासूनचं स्वातंत्र्य ठेवून फक्त सममिती सोडली तर द्विमितीत कुठला तरी पी मिळतोच, पण तो २ असेल असं नाही. म्हणून शब्दाला पी जोडल्याशिवाय लिहू नका.