मंत्र्यांनी रुग्णालयाला अचानक भेट द्यावी का, आणि दिली तर तिथे काय पाहावे?

मांडवीतीर

७ जून २०२५ रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कॅज्युअल्टीत अचानक पोहोचले आणि एका ज्येष्ठ महिलेला ब-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन नाकारल्याच्या तक्रारीवरून तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्यांनी कॅमेऱ्यांसमोर खडसावून निलंबित करण्याचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले. पुढे राणे यांनी माफी मागितली, तेव्हा जिथे अपमान झाला तिथेच येऊन माफी मागावी, असा आग्रह डॉक्टरांनी धरला.

सरकारी रुग्णालयात केव्हाही जाऊन पाहणी करणे हे आरोग्यमंत्र्यांचे कामच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु दुसरी बाजू ऐकून न घेता, रुग्णांच्या गर्दीत उभे राहून एखाद्या डॉक्टरला शिक्षा सुनावणे या कामात बसत नाही. कॅज्युअल्टीत कोणाला आधी तपासायचे हे जिवाच्या धोक्यावरून ठरते, आणि ब-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सहसा त्या तातडीत मोडत नाही. त्या दिवशी सुट्टी असल्याने ओपीडी बंद होती, ही रुग्णाची अडचण खरी होती. पण सुट्टीच्या दिवशी अशा रुग्णांनी कुठे जावे हे आधीच ठरवून ठेवणे खात्याच्या हातात होते.

गोदाकाठ

आपले शेवटचे वाक्य मान्य आहे, त्याआधीचे नाही. माझे वडील एका सरकारी रुग्णालयात दाखल होते, तेव्हा सलाईनचा सेट आणि प्रतिजैविके बाहेरून आणण्यासाठी आम्हाला चिठ्ठी मिळत असे. ती चिठ्ठी कायम कोऱ्या कागदाच्या कपट्यावर लिहिलेली असायची, केसपेपरवर कधीच नाही, त्यामुळे तक्रार करायची म्हटली तरी आमच्या हाती काही नव्हते. पालकमंत्र्यांचा दौरा ठरला त्या दिवशी पहाटेच फरशी फिनाईलने पुसली गेली, खाटांवर पांढऱ्या चादरी आल्या आणि जिन्यात झोपणाऱ्या आम्हा नातेवाइकांना फाटकाबाहेर काढले गेले. मंत्र्यांनी जे पाहिले ते आम्ही एरवी कधी पाहिले नव्हते.

लेखी तक्रार करा, असा सल्ला देणाऱ्यांनी एवढा विचार करावा की ज्याचा माणूस अजून त्याच वॉर्डात पडून आहे, तो कोणत्या धीराने सही करील? अशा माणसासाठी न कळवता आलेला मंत्री आणि त्याच्यासोबतचा कॅमेरा हाच आधार असतो.

निवृत्त अधिपरिचारिका

चिठ्ठीची गोष्ट खरी आहे, आणि ती हातात देताना आम्हालाही लाज वाटत असे. पण वॉर्डाने मागणीपत्र पाठवलेले असते, भांडारात माल नसतो, आणि रुग्ण तर समोर असतो. खरेदी वर अडलेली असताना खालच्या माणसाला जाब विचारून औषध येत नाही.

नांदेडचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना घाणेरडे शौचालय स्वतःच्या हातांनी साफ करायला लावले. त्यावरून त्यांच्यावर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्या भेटीने बालकांच्या अतिदक्षता विभागाला काय मिळाले? मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सरकारकडे रिक्त पदांचा, औषधखरेदीचा आणि आरोग्यावरील तरतुदीचा हिशेब मागितला. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळे ठेवून रात्रपाळी काढलेल्या मला हेच प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

गोदाकाठ

सिस्टर, अधिष्ठात्यांना दिलेली वागणूक संतापजनकच होती, तिचे समर्थन मी करणार नाही. मात्र ते शौचालय बाळंतिणींना आणि आजाऱ्यांना रोज वापरावे लागत असेल, तर त्याबद्दलही कोणीतरी रुग्णालयाच्या प्रमुखालाच विचारले पाहिजे. सफाई कामगारांची पदे रिकामी आहेत हे उत्तर खरे असेल. ते प्रमुखाने रुग्णांसमोर मोठ्याने सांगावे, म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप मंत्र्यांकडे वळेल.

सह्याद्रीवासी

सरकारी रुग्णालयांत कारभारावर देखरेख ठेवणारी रुग्ण कल्याण समिती असते, याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. तिच्या बैठकांना लोकप्रतिनिधींनी नेमाने हजेरी लावली, तर सुट्टीच्या दिवशीचे इंजेक्शन, बंद पडलेले नळ असे विषय तिथेच सुटू शकतात. आमच्या भागातल्या समितीची बैठक कधी होते, हे मात्र गावात विचारून कोणालाही सांगता येत नाही.

मांडवीतीर

गोदाकाठ, भेट अचानक असावी हे मी मान्य करतो. मग ती रात्री द्यावी, औषध भांडाराची साठा नोंदवही उघडायला लावावी, मंजूर पदे किती आणि त्या पाळीला हजर किती हे विचारावे, आणि कॅमेरा न्यायचाच असेल तर तो त्या नोंदवहीवर धरावा. खाटेवरचा रुग्ण आणि ड्युटीवरचा डॉक्टर यांचे चेहरे त्यात येऊ नयेत.

गोदाकाठ

रुग्णाचा चेहरा येऊ नये, हे शंभर टक्के मान्य. पण साठा शिल्लक असल्याचे नोंदवहीत दिसत असेल आणि तरीही बाहेरची चिठ्ठी दिली गेली असेल, तर ती कोणी लिहिली हे त्याच रात्री, त्याच वॉर्डात विचारले गेले पाहिजे, आणि उत्तर नातेवाइकांनाही ऐकू आले पाहिजे. चौकशीअंती कळवू, या उत्तरावर मी आता विश्वास ठेवू शकत नाही.