मदत हवी आहे: ठशांची शाई वाळत नाही, दिवाळीची शुभेच्छापत्रं अडली आहेत

कातरकाम

गणपती गेले, पितृपंधरवडा चालू आहे, हात जरा मोकळे आहेत. म्हणून यंदा दिवाळीची शुभेच्छापत्रं विकत न आणता ठसे मारून घरीच करायला घेतली आहेत. साठेक लागतील. मी रत्नागिरीची. पाऊस अजून हटायचं नाव घेत नाही, कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. शाईशी त्याचा संबंध असेल म्हणून आधीच सांगून ठेवते.

हाताशी आहे ते असं: पारदर्शक ठशांचा एक संच (पणत्या, आकाशकंदील, वेलबुट्टी), हपिसात असतं तसं जांभळं स्टँपपॅड, सोनेरी पिगमेंट शाईचं एक छोटं पॅड आणि ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चांगलं जाड) चकचकीत पांढरं कार्ड. हे कार्ड लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या प्रेसमधून मिळालं, भरपूर आहे. शिवाय थोडा हातकागद.

चकचकीत कार्डावर सोनेरी ठसा सुंदर उठतो, पण दुसऱ्या दिवशीही बोटाला सोनं लागतं. जांभळी शाई दिसायला वाळते आणि अंगठा फिरवला की पसरते. पणतीचा भरीव भाग एकसारखा येत नाही, शाई ठशावरच थेंबाथेंबाने गोळा होते. हातकागदावर उलटा प्रकार: वाळते लगेच, पण बारीक रेषा तुटतात आणि जांभळ्याला मिशा फुटतात.

आणखी दोन गोष्टी. मजकूर मराठीत हवा आहे, 'शुभ दीपावली' किंवा नुसतं 'शुभेच्छा'. तयार ठशांत मिळाला नाही. आणि एम्बॉसिंगची पावडर (ओल्या ठशावर टाकून वितळवली की नक्षीला उठाव येतो ती) घेऊन ठेवली आहे पण ती वितळवायला हीट गन नाही. हेअर ड्रायरवर भागेल का? की आधी शाईच बदलू?

---

शाईदौत

ताई, तुमचा हात ठीक आहे, शाई आणि कागदाची जोडी जमलेली नाही. शाई घेताना रंग बघण्याआधी ती वाळते कशी ते बघायचं.

हपिसातली जांभळी शाई पाण्यातली, रंग विरघळलेला. पॅड उघडं राहिलं तरी सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन किंवा तत्सम काही घातलेलं असतं. म्हणजे ती मुळात हवेत न वाळण्यासाठीच केलेली आहे! कागदात मुरली की आपल्याला ती वाळल्यासारखी वाटते. चकचकीत कार्डावर लेप असतो, मुरायला वाव नाही, मग ती वर बसून राहते. त्यात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, आणि तुमच्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही.

पिगमेंट शाईत रंगाचे कण न विरघळता तरंगत असतात. ती दाट असते, कागदावर बसते, उन्हात लवकर फिकी पडत नाही, काळ्या कागदावरही दिसते. पण तिलाही पाणी शोषणारा कागद लागतो, नाहीतर उष्णता द्यावी लागते. चकचकीत कार्डावर नुसती ठेवली तर आठवड्यानेही हाताला लागू शकते.

चकचकीत कार्डच वापरायचं असेल तर सॉल्व्हंट शाई (पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकातली) घ्या. काच, प्लॅस्टिक, पत्रा, सगळ्यावर बसते, काही मिनिटांत वाळते. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा. पारदर्शक ठसे मात्र लगेच पुसा, काही ठसे त्या शाईने आणि तिच्या क्लीनरने चिकट होतात. मी तुमच्या जागी असते तर प्रेसचं कार्ड पाकिटात आधाराला वापरलं असतं आणि ठशांसाठी लेप नसलेलं, गुळगुळीत, २५० जीएसएमच्या आसपासचं मॅट कार्ड आणलं असतं. दुकानात शंका आली तर कोपऱ्यावर ओलं बोट टेकवायचं. डाग गडद होऊन आत गेला तर लेप नाही, पाणी वरच चमकत राहिलं तर आहे. दुकानदार बघत असेल तर आधी तुकडा मागून घ्या :)

---

टीपकागद

शाईदौत यांना अनुमोदन. थेंब गोळा होण्याचं कारण मात्र ठसा आहे. नव्या पारदर्शक ठशावर साच्यातला तेलकट थर असतो. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने सगळा ठसा घासा, सौम्य साबणाने धुवा, वाळवा. खोडरबराचा कीस नक्षीत अडकतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. चमक जाऊन ठसा किंचित मळकट दिसला की शाई धरायला लागतो.

एवढं करूनही थेंब होत असतील तर ठसे सिलिकॉनचे असणार. स्वस्त संचांत ते बरेच असतात. सिलिकॉन शाई झिडकारतं. दाट पिगमेंट शाई त्यातल्या त्यात धरतं, पातळ शाई जवळजवळ नाहीच. फोटोपॉलिमरचा (प्रकाशाने घट्ट केलेल्या प्लॅस्टिकचा) ठसा या बाबतीत बराच सरस.

शाई लावताना ठसा पॅडवर दाबू नका. ठसा उताणा ठेवायचा आणि वरून पॅड हलकेच थोपटायचं, किती शाई बसली ते दिसतं. ठसा उठवताना कागदाखाली माऊसपॅड किंवा फोमची शीट ठेवा. भरीव पणतीला याचाच फरक पडतो, कारण टेबल आपल्याला वाटतं तेवढं सपाट नसतं. हातकागदावर तर हे हवंच.

---

भेंडीचा_ठसा

एवढा खटाटोप कशाला? शाळेत भेंडी कापून पोस्टरकलरमध्ये बुडवून काय फुलं उठवायचो आपण! बटाटा कोरला की पणती तयार.

---

टीपकागद

भेंडी भारीच आहे, पण साठ कार्डं म्हटल्यावर भेंडी दमते. बटाटाही पाणी सोडतो आणि दहा-पंधरा ठशांनंतर कडा मऊ पडतात. कापल्यावर टिपून घ्यायचा, रंग ब्रशने लावायचा. मुलांना पाकिटं सजवायला द्या, हरकत नाही.

---

शिक्केवाले

आमचा रबरी शिक्क्यांचा धंदा आहे म्हणून मराठी मजकुराबद्दल लिहितो. कोणत्याही गावात शिक्के करणारा असतोच, पण त्याच्याकडे जाऊन 'शिक्का करून द्या' एवढंच म्हणू नका. तो तुम्हाला फ्लॅश शिक्का देईल, ज्याच्या आतच शाई भरलेली असते. ऑफिसला तो उत्तम, तुम्हाला निरुपयोगी. त्यावर सोनेरी शाई लावता येत नाही आणि तो धुताही येत नाही. 'पॉलिमरची नुसती पट्टी द्या, मूठ नको' असं सांगा. निगेटिव्हवर द्रव पॉलिमर ओतून त्यावर अतिनील प्रकाश टाकतात, प्रकाश लागेल तेवढा भाग घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. तुमचे विकतचे पारदर्शक ठसे याच जातीचे. लेझरने रबर कोरणारे असतील तर तेही चालेल.

अक्षर स्वतःच्या हाताने काळ्या स्केचपेनने पांढऱ्या कागदावर काढून न्या, संगणकातल्या टंकापेक्षा शंभरपट छान दिसतं. फक्त 'भ', 'क्ष', 'ळ' यांच्या पोटातल्या जागा मोठ्या ठेवा. लहान अक्षरात त्या शाईने बुजतात आणि 'शुभ' वाचताच येत नाही. शिरोरेखाही बारीक नको. लांब बारीक रेषा पट्टीवर वाकते. उलटं करून नेऊ नका, उलटं करायचं काम आमचं. हौशी लोक आधीच उलटं करून आणतात, आम्ही ते पुन्हा उलटतो, मग दोघंही एकमेकांकडे बघत बसतो.

---

बोरूबहाद्दर

शिक्केवाल्या काकांचं सगळं बरोबर, पण एकच शब्द हवा असेल तर खोडरबर कोरून बघाच. मोठं, मऊ, नॉन-डस्ट खोडरबर घ्या. बटरपेपरवर ४बी किंवा ६बी पेन्सिलीने अक्षर सुलटं लिहा, तो कागद पालथा घालून रबरावर नखाने घासा. अक्षर रबरावर आपोआप उलटं उतरतं आणि ठसा सुलटा येतो. डोक्यात उलटंसुलटं करायची गरजच नाही.

कोरायला लिनोची 'व्ही' पात्याची छिन्नी बरी. कटर वापरलात तर पातं अक्षरापासून बाहेरच्या बाजूला कलतं धरा, म्हणजे अक्षराचा पाया रुंद राहतो. आतल्या बाजूला कललं की अक्षर खालून पोखरलं जातं आणि दाब पडला की मोडतं. हात न फिरवता रबर फिरवायचं. डाव्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका, हे लिहायला सोपं आहे.

कोरलेलं खोडरबर प्लॅस्टिकच्या डबीत उघडं ठेवू नये. रबरातलं मऊपणाचं द्रव्य प्लॅस्टिकला विरघळवतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. कंपासपेटीत हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कागदात गुंडाळून ठेवा.

---

शाईदौत

एम्बॉसिंगचं राहिलं होतं. हेअर ड्रायर नाही चालत. त्याचा वारा जास्त आणि आच कमी, त्यामुळे पावडर वितळायच्या आधी उडते. हीट गनचा वारा कमी आणि आच बरीच जास्त. ती आधी दुसरीकडे तोंड करून काही सेकंद तापवायची, मग कागदापासून दोन-तीन इंचांवर धरायची. पावडर एकदम चमकायला लागली की पुढे सरकायचं. तिथेच रेंगाळलात तर वितळलेली पावडर कागदात मुरते आणि उठाव सपाट होतो.

गन घ्यायची नसेल तर इस्त्री उलटी, तळ वर करून घट्ट टेकवा, पूर्ण तापवा आणि कार्ड चिमट्यांनी धरून मागच्या बाजूने तिच्यावर अगदी जवळ धरा. खालून आच लागते, वारा नाहीच. मुलं घरात असताना नको. आणि गॅसच्या ज्योतीवर कृपा करून कुणी करू नये, कागद आहे तो.

पावडर जिथे नको तिथेही चिकटते, त्यावर उपाय घरातच आहे. ठसा मारायच्या आधी कार्डावरून टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी फिरवा, कागदाचा ओलसरपणा आणि स्थिर वीज दोन्ही कमी होतात. दमट हवेत तर हे विसरूच नका. तुमची सोनेरी पिगमेंट शाई सावकाश वाळते ना, तो दोष इथे गुण आहे. ओली असतानाच तिच्यावर पारदर्शक पावडर टाका, जादाची कागदावर झटकून पुन्हा बाटलीत भरा, आणि आच द्या. मग बोटाला सोनं लागणार नाही. असं केलंत तर चकचकीत कार्डही वाया जात नाही.

---

पिंपळपान

हातकागदाबद्दल थोडं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे वेगवेगळ्या जाडीचा आणि पोताचा कागद हाताने चाचपून घेता येतो. चिंध्यांपासूनचा सुती कागद शाई पटकन ओढतो, म्हणून जांभळ्याला मिशा फुटतात. त्यावर दाट पिगमेंट शाई वापरा, ती पसरत नाही. बारीक वेलबुट्टी सोडून द्या, ठसठशीत नक्षी घ्या. कागदाच्या दोन बाजूंत एक जरा गुळगुळीत असते, खिडकीशी तिरपा धरला की कळते.

कापडावर छापायचे लाकडी ठसे असतील तर ते या कागदावर फार शोभतात. ते पॅडवर न दाबता स्पंजने रंग लावायचा आणि कागदाखाली घडी घातलेलं जुनं ब्लँकेट ठेवायचं. कापडावर ठसे छापणाऱ्यांचं टेबलही असंच गादी घातलेलं असतं.

---

कातरकाम

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. खोडरबराने घासून धुतल्यावर पणती भरीव उठली, म्हणजे ठसे सिलिकॉनचे नाहीत. सोनेरीवर पारदर्शक पावडर टाकून उलट्या इस्त्रीवर केलं, जमलं. मॅट कार्ड इथल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळालं, ओलं बोट टेकवून घेतलं. जांभळं पॅड नवऱ्याला परत केलं आहे. मजकूर शिक्केवाल्यांकडून करून घेणार, साठ कार्डांना तेच बरं.

आता दोन शेपटं. पणती आणि अक्षर प्रत्येक कार्डावर त्याच जागी कसं आणायचं? पारदर्शक ठसा ज्यावर चिकटवून मारतात तो ॲक्रिलिक ब्लॉक हातात हलतो. आणि मॅट कार्ड घडी घातली की घडीवर तडकतं. पोस्टाने पाठवायची आहेत, मापाचंही सांगा.

---

टीपकागद

सीडीचं जुनं पारदर्शक कव्हर आहे का घरात? आतला काळा ट्रे काढून टाका. तळाला फोम, त्यावर कागद, एका कोपऱ्याला टेकवून. ठसा कागदावर हवा तिथे पालथा ठेवा आणि झाकण लावा, ठसा झाकणाला चिकटून वर येतो. आता झाकण उघडून शाई लावा, मिटा, दाबा. कितीही कार्डं करा, जागा तीच. ठसा फिका आला तर तिथेच दुसऱ्यांदा मारता येतो, आणि हाच खरा फायदा. ठसा चिकटेनासा झाला की साबणाने धुवा. कव्हर साधारण १४ बाय १२ सेंटिमीटर असतं, म्हणून ठसा वेगळ्या छोट्या तुकड्यावर मारा आणि तो तुकडा कार्डावर चिकटवा. बिघडला तर तुकडाच जातो, अख्खं कार्ड नाही.

---

पिंपळपान

तडकतं कारण घडी कागदाच्या धाग्याला आडवी जाते आहे. कार्ड न मोडता दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतं, घडी त्याच दिशेने घाला. आणि घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेनने एक रेघ ओढा. खाच पडते, मग घडी स्वच्छ बसते. खाचेचा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा.

माप: ए४ अर्धा कापला की ए५, त्याची घडी घातली की १४८ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड, आणि ११४ बाय १६२ चं पाकीट त्याला बरोबर बसतं. २५० जीएसएमचं असं कार्ड पावणेआठ ग्रॅम भरतं. वर चिकटवायचा तुकडा साडेतीन आणि पाकीट पाचेक धरलं तरी २० ग्रॅमच्या आत, म्हणजे ५ रुपयांच्या तिकिटात जातं. मणी, टिकल्या, लाकडी बटणं चिकटवलीत तर वजनही वाढतं आणि पोस्टात शिक्का मारताना पाकीट फाटतं. सगळ्यात जड दिसतं ते एक आधी काउंटरवर वजन करून घ्या, मगच बाकीच्यांना तिकिटं लावा.

---

शिक्केवाले

ताई, पट्टी करायला देताना 'शुभ दीपावली' आणि 'शुभेच्छा' दोन्ही एकाच तुकड्यावर लिहून द्या. पट्टीचे पैसे मापावर असतात, शब्दांवर नाहीत. नंतर कात्रीने वेगळे करता येतात. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे हिशेबाच्या शिक्क्यांची झुंबड असते, तेव्हा नवरात्राच्या आधी टाका.

---

भेंडीचा_ठसा

पाकिटं रंगवायला मुलं तयार आहेत. भेंडी पाव किलो पुरेल का?

---

टीपकागद

चार पुरेत, बाकीच्यांची भाजी करा. जून बघून घ्या, कोवळी दाबली की फाकते.