विषय: हरिपूर रोडच्या घरी पोहण्याचा तलाव

मंडळी, नमस्कार.
पुढच्या वर्षी सांगलीला कायमचं परत जायचं ठरलंय. हरिपूर रोडच्या घरामागे जागा मोकळी आहे. आईच्या गुडघ्यांना आणि माझ्या पाठीला डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितलाय, म्हणून घरीच ८ बाय ४ मीटरचा, छातीएवढ्या पाण्याचा तलाव करावा म्हणतो. एक जण तयार फायबरचा तलाव आणून पंधरवड्यात बसवून देतो म्हणतोय, काँक्रीटवाल्याला तीन-चार महिने हवेत. काका, तुम्ही सांगाल तसं करू.
— शुगरलँडहून (टेक्सास, अमेरिका)

अरे, आधी जागा पूररेषेच्या कुठं येते ते बघ. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात असेल, तर विषय सोडून दे. बाहेर असेल तरच पुढचं.

तलाव गळेल का, असं सगळे विचारतात. काळ्या रानात, नदीच्या अंगाला, त्याहून मोठी भीती जमिनीतल्या पाण्याची. ते तळाखालून तलावाला वर रेटतं. तुझा तळ ३२ चौरस मीटर. जमिनीतलं पाणी बाहेरून त्या तळाच्या वर एक मीटर चढलं तर ३२ टनांचा रेटा झाला. फायबरचं भांडं टनभर वजनाचं, आत पाणी नसेल तर सरळ वर येतं. वीस सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट तीसेक टन भरेल, म्हणजे तेही जेमतेमच. म्हणून तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर दीड फूट काढायचा, त्यावर भरावाची माती बसते आणि ती तलावाला दाबून धरते. तळाखाली खडीचा थर हवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तेव्हा ती काढून भिंतींमागं मुरूमच भर.

एक गोष्ट मात्र हट्टानं करून घे. तलावाशेजारी सहा इंची पीव्हीसी पाइप उभा गाडायचा, खालच्या टोकाला भोकं पाडून, तळाखालच्या खडीपर्यंत. वरून टॉर्च मारला की पाणी कुठवर आलंय ते दिसतं. पंपही त्यातूनच सोडता येतो.

२०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. असा पूर ओसरला की माणूस आधी गाळ उपसायला धावतो. तलावाच्या बाबतीत तेच करायचं नाही! वरचं पाणी उतरलं तरी जमीन आठवडेच्या आठवडे भरलेली असते, आणि रिकामा तलाव नेमका तेव्हाच उचलला जातो. पाइपमधलं पाणी तळाच्या खाली जाईपर्यंत गढूळ पाणी तसंच राहू दे.

माझं मत काँक्रीट. गळती कळावी म्हणून टाइल लावण्याआधी आठवडाभर पाणी भरून ठेव.
— काका

काकांचं पटलं. भर एकच घालते: भोवती चार फुटी कुंपण आणि आपोआप मिटणारं दार पहिल्या दिवसापासून हवं. तळाला पाणी ओढणारी जाळी एकच ठेवू नका, दोन हव्यात, एकमेकींपासून लांब. एकीवर पोराचं अंग चिकटलं तर सुटत नाही. सुट्टीत भाचरं येणारच.
— पर्लंडहून, सांगलीची माहेरवाशीण

काका, ताई, आभार. फायबरवाल्याला नको म्हणून कळवलं. पूररेषेचा नकाशा आणायला धाकटा सोमवारी जातोय. शेजारच्या आडाला पाणी किती फुटांवर येतं, तेही तो यंदाचा पावसाळाभर लिहून ठेवील. खोदाई त्यानंतरच.