पेन्शन पुरवायला परदेशी: तुमचे आणि तुमच्या माणसांचे अनुभव

शिंपला
परवा मामींचा फोन. "अगं, मी जिवंत असल्याचा कागद आलाय परत, या वर्षी सही कुणाची घेऊ?" हसलो दोघी, आणि फोन ठेवल्यावर मामांची ती वही आठवली.

मामा इंग्लंडात बस चालवायचे. निवृत्तीनंतर सरकारी स्टेट पेन्शन आणि कामाची एक बारीकशी पेन्शन. भाडं, वीज, कौन्सिल टॅक्स भरला की हातात भोपळा. २००७ मध्ये दोघं थायलंडला गेले, चिआंग माईला. तेव्हा एका पाउंडाला सत्तरच्या आसपास बाट मिळायचे. मामा दर महिन्याला पाउंडाचा भाव एका लांबट वहीत लिहायचे, उतरला की लाल शाईने. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर ती वही नुसती लाल. चाळीस-पंचेचाळीसवर आला होता भाव.

निवृत्तांना तिथे राहायचं तर महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवा, नाहीतर बँकेत ८,००,००० बाट ठेवा. सत्तरच्या भावाने ६५,००० म्हणजे साधारण ९३० पाउंड, पंचेचाळीसच्या भावाने १,४४० च्या वर. पेन्शन तीच. तीच म्हणजे अक्षरशः तीच, कारण थायलंडला गेलेल्यांची ब्रिटिश पेन्शन गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत इथेही तसंच. अमेरिका, युरोपीय देश, फिलिपिन्सला गेलात तर वाढ चालू. का, ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

तरीही मामा कधी "चुकलं" म्हणाले नाहीत. मामी अजून तिथेच आहेत. तुमच्यापैकी कोणी असं केलंय? घरातलं, ओळखीतलं कोणी? लिहा.

चहाटळ
पहिला नंबर! अनुभव नाही, पण वही आवडली. आमचे हे पेट्रोलचा भाव असा लिहितात. उपयोग शून्य.

निवांत_नाना
आम्ही मेक्सिको, चपाला तळ्याकाठी. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवर (तिथली सरकारी पेन्शन) दोघांचं भागत नव्हतं, इथे भागतं. हवा उत्तम, उंची दीडेक हजार मीटर, त्यामुळे ना हीटर ना एसी. वीजबिल बघून पहिल्यांदा वाटलं मीटर बंद आहे.

आता दुसरी बाजू. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेर चालत नाही. त्यातल्या पार्ट बी चे (डॉक्टरांच्या फी वगैरेचा भाग) पैसे भरत राहायचे की सोडायचं? सोडलं आणि पुढे परत घ्यावंसं वाटलं तर प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांच्या खंडाला हप्ता १० टक्क्यांनी चढतो, आणि तो चढलेला हप्ता बहुधा जन्मभर. आम्ही भरतोय. वापर काही नाही, पण मोठं दुखणं आलं तर विमानात बसून परत जाता येईल हा हिशोब. विमानात बसण्याइतपत बरं असलो तर, हे ही म्हणते.

बायको पडली होती मागे. गावातले रस्ते गोट्यांचे, दिसायला फार सुंदर. खुब्याचं हाड. खाजगी हॉस्पिटलात आधी कार्डावर अनामत, मग स्ट्रेचर आत. डॉक्टर मात्र देवमाणूस, स्वतःचा मोबाईल नंबर दिला आणि रात्री स्वतःहून फोन करून विचारलं. अमेरिकेत तीस वर्षांत एकाही डॉक्टरचा नंबर मिळाला नव्हता. बाकी नंतर लिहितो, गॅस आलाय.

कडू_कारलं
सगळे "स्वस्त स्वस्त" म्हणताय. कुणाला स्वस्त? लिस्बनमध्ये तिथल्याच पोरांना घरभाडं परवडत नाही. बाहेरून पेन्शन घेऊन येणाऱ्यांनी भाव चढवले, हा राग रस्त्यावर ऐकू येतो. खोटा नाही तो.

झुळूक
@कडू_कारलं, राग खरा आहे, पण सगळा पेन्शनरांच्या माथी नको मारू. पर्यटकांना रोजाने दिलेली घरं आणि गोल्डन व्हिसावाले (मोठी गुंतवणूक करून राहण्याचा परवाना मिळवणारे) त्यात जास्त.

मी पोर्तुगालमध्येच आहे, उत्तरेला. डी७ व्हिसा, म्हणजे पेन्शनसारखं बसून उत्पन्न असणाऱ्यांचा. अट तशी हलकी: तिथल्या किमान वेतनाइतकं नियमित उत्पन्न, २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं, जोडीदारासाठी त्यावर निम्मं. पूर्वी एनएचआर नावाची करसवलत होती, २००९ पासूनची. सुरुवातीला परदेशी पेन्शनवर कर शून्य, २०२० पासून नव्यांना १० टक्के, आणि २०२४ पासून नव्या लोकांना दारच बंद. जुने लोक भेटले की "आमच्या वेळी" सुरू होतं, कॉलेजच्या फीबद्दल बोलल्यासारखं.

मला कोणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे थंडी! बाहेर बारा अंश आणि घरातही बारा अंश. हीटिंग नाही, भिंती दगडी, नोव्हेंबरपासून कपाटाच्या मागे काळी बुरशी. चामड्याच्या चपला हिरव्या झाल्या. घरात कोट घालून बसते आणि ऊन खायला बाहेर जाते. डीह्युमिडिफायरची टाकी रोज सकाळी ओतायची, दोन-दोन लिटर पाणी. कुंड्यांना तेच घालते.

राहण्याच्या कार्डाची मुदत संपली आणि नव्या कार्डाची तारीख मिळेना. संपलेलं कार्ड खिशात ठेवून किती दिवस वावरले काय सांगू. बाहेर पडले तर आत येऊ देतील का ही धास्ती, म्हणून मुलीच्या बाळंतपणाला गेले नाही. एवढं एक सोडलं तर मजेत.

चहाटळ
झुळूक, जवळ असतीस तर मिठीच मारली असती. आणि डीह्युमिडिफायर कुठला घेतलास? आमच्या तळघरात पण सेम प्रॉब्लेम.

झुळूक
थंडीत कॉम्प्रेसरवाला नको, डेसिकंट (ओल शोषणारा) घे. तापमान खाली गेलं की कॉम्प्रेसरवाले नुसते घरघरतात.

पाऊलवाट
अवांतर: बुरशीला व्हिनेगर. ब्लीचने फक्त रंग जातो.

अर्धवटराव
पनामा बद्दल लिहितो, मोठे दीर तिकडे आहेत. (सौ. चा आयडी, मी टंकतोय. म्हणजे माझा मोठा भाऊ!) महिना १,००० डॉलरची आयुष्यभराची पेन्शन दाखवली की पेन्शनाडो व्हिसा. नोटा अमेरिकनच चालतात त्यामुळे शिंपलाच्या मामांसारखी लाल शाई नाही. वर कायद्यानेच सवलती: विमानाचं तिकीट २५ टक्के कमी, सिनेमा निम्म्या दरात, हॉटेलात जेवण २५ टक्के कमी. पुरुषांना साठीनंतर, बायकांना पंचावन्ननंतर. भाऊ दर आठवड्याला सिनेमा बघतो. स्पॅनिश येत नाही. गोष्ट कळली का विचारलं तर म्हणतो एसी छान होता.

वाचनमात्र
दीर 😂😂

गोगलगाय
मायदेशी का नाही जात हे लोक? सरळ प्रश्न आहे, दिवे घ्या.

निवांत_नाना
@गोगलगाय, मुलं अमेरिकेत. चपालाहून चार तासांत पोचतो. मायदेशाहून दीड दिवस आणि आठवडाभर झोपेचं खोबरं. बाकी भावना वगैरे सगळं मान्य.

हां, राहिलेलं. अमेरिकेचे नागरिक असाल तर जगात कुठेही राहा, रिटर्न भरावंच लागतं. बाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेलात की एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म. आणि सोशल सिक्युरिटीचा ७१६२ नंबरचा फॉर्म पोस्टाने येतो, तो भरून नाही धाडला तर पैसे थांबतात. इथल्या पोस्टाचा काही नेम नाही, त्यामुळे आमचे डोळे टपालपेटीला.

मधली_सून
कॅनडावाल्यांसाठी: अठराव्या वर्षानंतर तिथे वीस वर्षं राहिला असाल तरच ओएएस (तिथली सरकारी म्हातारपणाची पेन्शन) कायम बाहेर मिळते. आणि कमी उत्पन्नवाल्यांना वर जो जीआयएस नावाचा जादा भत्ता मिळतो तो सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की बंद. म्हणजे ज्यांना खरी गरज त्यांचाच पाय बांधलेला. सासऱ्यांनी सगळं ठरवलं होतं, जाहिरातीतला समुद्र वगैरे फ्रिजवर चिकटवला होता. जीआयएसचं कळलं आणि ते चित्र हळूच काढलं. आम्ही कोणी काही बोललो नाही. बाळ उठलं, पळते.

कडू_कारलं
मलेशियाचं एमएम२एच (परदेशी लोकांना तिथे दीर्घकाळ राहू देणारी व्हिसा योजना) कोणी केलंय का? २००२ पासून चालू होतं, महिना १०,००० रिंगिट उत्पन्नात काम व्हायचं. २०२१ ला एकदम ४०,००० केलं. आमच्या ओळखीतले दोघं पेनांगला घर सजवून बसलेले, बोबडी वळली. २०२४ ला परत सगळं बदलून सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम. दुसऱ्याच्या देशात आपण पाहुणे. यजमानाने जेवणाची वेळ बदलली तर तक्रार कुणाकडे करणार?

पाऊलवाट
अनुमोदन. म्हणून घर विकत घेऊ नये, भाड्याने राहावं. थायलंडमध्ये तर जमीन परदेशी माणसाच्या नावावर होतच नाही, इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीतली ४९ टक्के जागा परदेशी लोकांकडे जाईपर्यंतच.

शिंपला
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! स्वयंपाक करता करता वाचतेय.

पाऊलवाट, मामा भाड्यानेच राहिले. पण बँकेतलं आठ लाखांचं खातं एकट्या मामांच्या नावावर, आणि मामींचा राहण्याचा परवाना मामांच्या परवान्यावर लटकलेला. मामा गेले त्याच आठवड्यात हे दोन्ही समोर आलं. बँकेने खातं गोठवलं, कोर्टाचा हुकूम आणा म्हणाले. तो येईस्तोवर मामींनी भाडं कशावर द्यायचं? खालच्या मजल्यावरच्या नॉर्वेजियन आजोबांनी दिलं. लिहून-बिहून काही घेतलं नाही, पैसे सुटल्यावर मामींनी परत केले तर मोजलेही नाहीत.

मग त्यांनी स्वतःच्या नावावर खातं, स्वतःचा परवाना, सगळं पहिल्यापासून केलं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, देशाबाहेर पडण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचं, नाहीतर परवानाच रद्द. हे मामा बघायचे. आता मामी इतरांचे फॉर्म भरून देतात. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि डोंगर जळतात, धुराने समोरचा डोंगर दिसत नाही, तेव्हा समुद्राकडे जातात त्याच आजोबांच्या गटाबरोबर. माझी आई म्हणते, "लोक काय म्हणतील." लोक म्हणजे कोण, तर आई.

चहाटळ
मामींना माझा साष्टांग नमस्कार. नॉर्वेजियन आजोबांबद्दल स्वतंत्र धागा काढ 😉

वाचनमात्र
+१ त्या धाग्याला.

गोगलगाय
मृत्युपत्राचं कोणी लिहा ना. दोन देशांत दोन करायची की एकच?

झुळूक
मी दोन केलीत. वकील म्हणाली दुसऱ्यात "आधीचं रद्द" असं सरसकट वाक्य येऊ देऊ नका, नाहीतर पहिलं उडतं. तुझ्या देशातल्या वकिलाला विचार गं, माझ्यावर जाऊ नकोस.

अर्धवटराव
भावाला मृत्युपत्राचं विचारलं आत्ताच फोनवर. म्हणाला थिएटरात आहे, मध्यंतरात करतो.

वाचनमात्र
पनामात मध्यंतर असतं?

अर्धवटराव
नसतं. म्हणूनच अजून फोन आला नाही.