मदत हवी आहे: ऑप्शनसाठी शेअर निवडताना फंडामेंटल किती पाहायचे?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. इंडेक्स ऑप्शनचा नाद नको, शेअरचे पुट (ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर आपल्याला विकण्याचा समोरच्याचा हक्क) विकावेत आणि त्याबद्दल मिळणारा प्रीमियम कमवावा असा विचार आहे. शेअर ऑप्शनची सेटलमेंट 2019 पासून डिलिव्हरीनेच होते, त्यामुळे पुट अंगावर आला तर पूर्ण लॉट (करारातले सगळे शेअर) घ्यावा लागणार. मग घरात ठेवायला लाज वाटणार नाही अशीच कंपनी हवी, नाही का?

म्हणून चाळणी लावली: कर्ज कमी, आरओसीई (गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा) चांगला, नफा कागदावर न राहता रोख हातात येणारा, प्रवर्तकांचे शेअर गहाण नाहीत. सातपूरला कारखाना म्हणून महिंद्रा आणि ओझरच्या विमान कारखान्यामुळे एचएएल आधी डोळ्यापुढे आले, पण गावचा कारखाना हा काही निकष नव्हे, कळतंय.

घोडं अडलंय ते इथे. भक्कम कंपनीत आयव्ही (भावात पुढे किती चढउतार होईल याचा बाजाराचा अंदाज) कमी, म्हणून प्रीमियमही किरकोळ. जिथे प्रीमियम घसघशीत, तिथला ताळेबंद बघवत नाही. शिवाय करार महिन्याभराचा. तेवढ्यात आरओसीईचा भावाशी संबंध तो काय? निकालाच्या आधी आयव्ही फुगते तेव्हा पुट विकावा, की निकाल लागेपर्यंत हात आखडता घ्यावा?

प्रत्यक्ष करणाऱ्यांनी सांगा: तुम्ही कोणते दोन-तीन आकडे बघता आणि स्ट्राइक कंपनीच्या मूल्यांकनावरून ठरवता की चार्टवरून? टिप्स नकोत, पद्धत हवी. डिलिव्हरीपुरते पैसे बाजूला ठेवलेत, त्यामुळे मार्जिनची काळजी नको.