घोडी गेली, चार दिवसांच्या शिंगराला हगवण लागली आहे

निफाडची_पागा:
काठेवाडी घोडी व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी पोटशूळाने गेली. शिंगरू नर, अंदाजे ४० किलो. जन्मल्यावर दोन तासांत आईचा चीक प्यायलंय. कालपासून म्हशीचं दूध अर्धं पाणी आणि साखर घालून बाटलीने देतोय, दिवसातून पाच वेळा. आज हगवण पातळ, पिवळी. ताप १०१.५, चोखायला जोर आहे. दूध कोणतं, किती, किती वेळाने?

तोबरा:
साखर आधी बंद करा. एवढ्या लहान शिंगराला ती पचत नाही, आतड्यात पाणी ओढून ढाळ वाढवते. म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, घोडीच्या दुधात १-२, आणि लॅक्टोज (दुधातली नैसर्गिक साखर) मात्र भरपूर. पाणी घातलं की फॅट उतरतं तसं लॅक्टोजही उतरतं, मग पोट भरून शिंगरू उपाशी.
पिशवीचं १ लिटर टोन्ड आणि २ लिटर डबल टोन्ड मिसळा, फॅट २ टक्के होतं. लिटरमागे २० ग्रॅम साधं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज पावडर). चवीचं ग्लुकोज नको, त्यात साखर असू शकते.
आज ४ लिटरवरच ठेवा: दर दोन तासांनी ३००-३५० मिली, रात्रीसुद्धा. पाच वेळा पाजलं की एकदम जास्त जातं. लीद सावरली की रोज वाढवत दहाव्या दिवसापर्यंत ८ लिटर.

चांदोरी_तबेला:
बाटलीपेक्षा बादली बरी. बोट चोखायला द्या आणि हळूहळू उथळ पातेल्यातल्या कोमट दुधात बुडवा. एक-दोन दिवसांत शिकतं. बाटलीच द्यायची तर शिंगरू उभं हवं, मान खाली, आईला पितं तशी. मान उचलून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पिऊन झाल्यावर नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. बाटली उलटी केल्यावर दूध थेंब थेंबच पडावं, धार नको.

निफाडची_पागा:
शेजारची गाय व्यायली आहे. तिचा चीक पाजू का?

तोबरा:
आता नको. चिकातली प्रतिकारशक्ती रक्तात शिरायची ती पहिल्या २४ तासांतच. त्यापेक्षा डॉक्टरांकडून शिंगराच्या रक्तातलं आयजीजी (चिकातून मिळणारी प्रतिकारशक्ती) तपासून घ्या. ८०० च्या वर असेल तर निर्धास्त, ४०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा लागतो. ताप १०२ च्या वर गेला, डोळे खोल गेले किंवा चोखणं मंदावलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच तासाला बोलवा.

चांदोरी_तबेला:
नाळ वाळेपर्यंत जपा, ओली किंवा सुजलेली दिसली तर तेही दाखवा. निफाडच्या थंडीत रात्री अंगावर गोणपाट हवंच. दुसऱ्या आठवड्यात शिंगरांची चंदी (दाण्याचं खाद्य) मूठभर आणि कोवळा लसूणघास समोर ठेवा. नुसता कोंडा नको, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, हाडं बिघडतात. दिवसाला किलोभर चंदी खाऊ लागलं की दहा-बारा आठवड्यांचं झाल्यावर दूध तोडा. सोबतीला शांत शेळी बांधा. माणसाच्या अंगावर उड्या मारू देऊ नका, सहा महिन्यांनी तीच उडी दीडशे किलोची होते.