अनेक दिवसांच्या भटकंतीसाठी हलके पण टिकणारे बूट कसे निवडावेत?

उनाडपाऊल (मूळ प्रश्न)

नमस्कार. दोन महिन्यांनी नऊ दिवसांची सलग भटकंती करण्याचा बेत आहे. रोज साधारण १५ ते १८ किलोमीटर चाल होईल आणि पाठीवर ११-१२ किलोंची सॅक असेल. वाट काही ठिकाणी मातीची, काही ठिकाणी घसाऱ्याची आहे, आणि दोन-तीन ओढे पाण्यात उतरूनच ओलांडावे लागतील.

इतकी वर्षे मी घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट वापरले. जोडी दीड किलोची असल्यामुळे दुपारनंतर पाय उचलवत नाहीत. म्हणून गेल्या खेपेस जाळीचे हलके बूट घेतले, तर चौथ्याच दिवशी दोन्ही बुटांची जाळी करंगळीपाशी फाटली आणि उरलेला प्रवास दर अर्ध्या तासाने खडे झटकण्यात गेला. हलके घ्यावे तर टिकत नाही आणि टिकाऊ घ्यावे तर पेलवत नाही, अशी अडचण आहे. दुकानात बूट हातात घेतल्यावर तो टिकेल की नाही हे कशावरून ओळखावे? जलरोधक बूट घ्यावेत का? आणि घोटा झाकणारा बूट खरोखर आवश्यक आहे का?

घसारा

करंगळीपाशी जाळी फाटणे हे हलक्या बुटांचे नेहमीचे दुखणे आहे. पाऊल टाकताना बूट चवड्यापाशी दुमडतो, तिथे घडी पडते, त्या घडीत बारीक वाळू शिरते आणि प्रत्येक पावलागणिक ती कानशीसारखी धागे कातरत राहते. दिवसाला १८ किलोमीटर म्हणजे एकेका पायाची बारा-तेरा हजार पावले होतात, तेव्हा चौथ्या दिवसापर्यंत ती घडी किती वेळा पडली असेल याचा हिशेब करून पाहा.

त्यामुळे दुकानात बूट हातात घेतल्यावर तो चवड्यातून दुमडून बघा. ज्या रेषेवर घडी पडते तिथे टाक्यांची शिवण असेल, तर तो बूट तिथेच उसवणार असे समजावे. घडीच्या जागी अखंड कापड आणि त्यावर वितळवून बसवलेला पातळ पट्टा असेल तर उत्तम. जाळी दाट विणीची हवी. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसणारी जाळी हवेशीर असते, पण खडकावर घासली की संपते. पुढच्या टोकावर रबरी आवरण हवे आणि जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली हवी, म्हणजे खडे आत जाण्याची अर्धी वाट बंद होते.

वजनाबाबत आपला अनुभव योग्यच आहे. पायातले वजन वाहायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या सुमारे चार ते सहा पट शक्ती लागते, असे चालण्यावरच्या प्रयोगांत आढळले आहे. दीड किलोच्या जोडीऐवजी सातशे ग्रॅमची जोडी घातली, तर सॅकमधून तीन-चार किलो काढून ठेवल्यासारखे वाटेल.

हलका बूट मात्र संपणारी वस्तू म्हणूनच घ्यावा. त्याच्या तळातला मधला थर बहुधा ईव्हीए या हलक्या प्लास्टिकच्या फोमचा असतो आणि तो साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबून बसतो. पाठीवर ओझे असले तर आणखी लवकर. खालचे रबर तेव्हा चांगले दिसत असते, म्हणून आपण फसतो. फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसू लागल्या आणि अंगठ्याने दाबल्यावर तो टणक लागला, की तो जोड लांबच्या वाटेवर नेऊ नये. एमा गेटवूड या बाईंनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट कॅनव्हासच्या साध्या बुटांत एकटीने पूर्ण केली, हे उदाहरण हलक्या बुटांचे समर्थक नेहमी देतात. वाटेत त्यांनी जोडांमागून जोड झिजवले, हे सांगायचे मात्र राहून जाते.

जलरोधक बुटाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपल्या वाटेसाठी घेऊ नका. त्यातला पातळ पडदा बाहेरचे पाणी अडवतो, पण ओढ्यात पाणी वरून, घोट्याजवळून शिरते आणि मग तोच पडदा ते आत धरून ठेवतो. साधी जाळी चालता चालता तासा-दोन तासांत बरीच सुकते, जलरोधक बूट दुसऱ्या सकाळीही ओला असतो. बर्फात किंवा कडक थंडीत हिशेब वेगळा.

जुनाजोडा

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु १२ किलोंचे ओझे आणि घसारा एकत्र आल्यावर सातशे ग्रॅमची जोडी सुचवणे मला धाडसाचे वाटते. घोटा झाकल्याने पाय मुरगळत नाही ही समजूत फारशी खरी नाही. मऊ कापडाची उंच कड घोट्याला आधार देतच नाही. आधार मिळतो तो टाचेच्या कडक वाटीतून आणि पिळल्यावर सहज न वळणाऱ्या तळातून. बुटाचे टोक आणि टाच दोन हातांत धरून कपडा पिळल्यासारखा पिळून पाहा. पूर्ण वळत असेल तर ओझ्यासह उतरताना तळपाय प्रत्येक दगडाची धार मोजेल. चवड्याखाली पातळ, चिवट पत्रा बसवलेले, घोट्याखालीच संपणारे आखूड बूट मिळतात. जोडीमागे शंभर-दीडशे ग्रॅम वाढले तरी घसाऱ्यावर ते वसूल होतात.

आपले जुने चामड्याचे बूट राखीव म्हणून नेण्याचा विचार असेल तर एक अनुभव सांगतो. माझा जड बुटांचा जोड पाच-सहा वर्षे कपाटात जवळजवळ न वापरता पडून होता, वरून नव्यासारखा. तिसऱ्या दिवशी उतारावर उजव्या बुटाचा तळ अख्खा सुटून मागे राहिला आणि मधला थर भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला. तंबूची दोरी गुंडाळून मी दोन दिवस चाललो. अशा बुटांचा मधला थर पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिक फोमचा असतो. चालण्याने तो ईव्हीएपेक्षा कितीतरी उशिरा बसतो, पण हवेतल्या दमटपणाने त्याचे रेणू हळूहळू तुटतात आणि ही क्रिया बूट वापरात नसतानाही चालूच राहते. तेव्हा कपाटातून काढलेला जुना जोड निघण्याआधी जोर लावून वाकवून पाहावा आणि दोन-तीन वेळा ओझ्यासह चालून घ्यावा.

मोजमापे

दोन्ही उत्तरे बुटाविषयी आहेत, पायाविषयी कोणीच लिहिले नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभर चालून पाय सुजतात आणि सलग भटकंतीत ते आणखी थोडे पसरतात. भटकंतीत जे मोजे घालणार तेच घालून जावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळीनिळी पडतात. बहुतेकांना यासाठी नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा बूट लागतो.

सर्वांत उपयोगी चाचणी अशी, की बुटाच्या आतला सुटा पॅड बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. पाय पॅडच्या कडेबाहेर ओघळत असेल, तर तो बूट कितीही चांगला असला तरी आपला नव्हे.

आणखी एक खबरदारी. आपले पाय उंच टाचेच्या बुटांना सरावले असतील आणि टाच-चवडा एका पातळीत असलेला बूट आवडला, तर तो हळूहळू सुरू करावा. पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर एकदम ताण येतो. दोन महिने हाताशी आहेत, ते पुरेसे आहेत. ओले बूट मात्र शेकोटीजवळ सुकवू नका. तळ चिकटवलेला असतो आणि उष्णतेने तो डिंक सैल होतो. कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवावेत.

उनाडपाऊल

सर्वांचे आभार. पत्रा असलेला, आखूड, जलरोधक नसलेला बूट शोधायचा, एवढे ठरले. घडीच्या जागेवर आधीच डिंक लावून ती मजबूत करता येते का?

घसारा

करता येते. बूट दुरुस्तीसाठी मिळणारा, सुकल्यावर लवचिक राहणारा पॉलियुरेथेनचा डिंक घ्यावा आणि नव्या बुटाच्या घडीवर, तसेच टोकाजवळच्या टाक्यांवर, काडीने अगदी पातळ रेघ ओढावी. जाड थर दिला तर तोच तडकून सुटतो. पूर्ण दिवस सुकू द्यावा. बूट धूळ लागण्याआधीच हे करावे, नंतर डिंक नीट धरत नाही.

उनाडपाऊल

मघाशी फाटलेल्या बुटांचे पॅड काढून त्यांवर उभा राहिलो. दोन्ही पायांची करंगळी कडेबाहेर जवळजवळ अर्धा सेंटीमीटर येते, आणि जाळी नेमकी तिथेच फाटलेली आहे.

घसारा

मग वाळूचे माझे स्पष्टीकरण आपल्या बाबतीत अर्धेच लागू होते. जाळी आतून आपल्या करंगळीने ताणलेली होती, वाळूने फक्त काम पुरे केले. डिंकाचा विचार नंतर करा, आधी चवड्याशी रुंद असलेला साचा शोधा.